पदाच्या आधीचं वाक्य

गाता नट घडवायला वेगळं शिक्षण लागतं, ही गोष्ट १८८० पर्यंत महाराष्ट्रात कुणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यात गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर होता. तो बाजूला उभा राहून पदं म्हणायचा. राम, रावण, राक्षस आपापल्या पाळीला पुढे यायचे, हातवारे करायचे, थोडंफार मनचं बोलायचे आणि तलवारी खणखणवून आत जायचे. गाणारा एक, सोंग आणणारे दुसरे. ही वाटणी अण्णासाहेब किर्लोस्करांनी मोडली. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्यात शकुंतलेचं पद शकुंतलाच म्हणाली आणि दुष्यंताचं दुष्यंत. त्या रात्रीपासून आपल्या रंगभूमीला एक नवाच माणूस लागायला लागला. त्यानं बोलता बोलता गायला लागायचं, गाता गाता परत बोलण्यावर यायचं, आणि मधला सांधा समोरच्याला कळू द्यायचा नाही.

हा सांधा शिकवायचा कुठे आणि कुणी, यात महाराष्ट्राची पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गेली.

मी ऑर्गन वाजवते. हात बसला तो सांगलीत, आजोबांच्या धाकट्या भावाकडे. घरात सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्या लहानपणी नाटकमंडळीत होते. कोणत्या, ते लिहीत नाही. मालकांची नातवंडं अजून आमच्याच गल्लीत राहतात. लग्नानंतर मी पुण्यात आले आणि पुढे एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात नाट्यसंगीताचे तास घ्यायला जाऊ लागले. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवायचं आज आणि मानधन साहेबांची सही होईल तेव्हा. त्यामुळे गात्या नटाच्या दोन्ही शाळा मला ठाऊक आहेत, एक ऐकून आणि एक आतून.

किर्लोस्करांच्या पहिल्या फळीतली बरीच माणसं नोकरदार होती. अण्णासाहेब स्वतः पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत. १८८२ मध्ये मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर बडोद्याला पोलीस खात्याच्या कचेरीत कारकून. गोविंद बल्लाळ देवल शाळामास्तर. ‘शाकुंतला’त पदं दोनशेच्या घरात आहेत, आकडा ऐकून माझे विद्यार्थी घाबरतात, पण त्यांच्या चाली साक्या, दिंड्या, ओव्या, अंजनीगीतं, लावण्या आणि कानडी मुलखातली गाणी अशा होत्या. कीर्तनाला बसणाऱ्या कुणाच्याही त्या कानांवर असायच्या. एकेक पद लहान, पाठ झालं की झालं. गाणं माणसं घरूनच घेऊन यायची. शिकवावी लागायची ती भूमिका, आणि ते काम देवलांनी केलं. ‘शारदा’ लिहिणारे म्हणून देवल आज सगळ्यांना माहीत आहेत. मला विचाराल तर तालीममास्तर म्हणून त्यांचं काम नाटककारापेक्षा तसूभर कमी नाही. गणपतराव बोडस आणि बालगंधर्व ही दोन अगदी वेगळ्या पिंडाची माणसं त्यांच्या हाताखालून गेली, आणि दोघांच्या बोलण्यात नाटकीपणा नव्हता असं त्यांना पाहिलेले लोक सांगत.

गाण्याची इयत्ता वाढली ती १९११ मध्ये. त्या वर्षी १२ मार्चला मुंबईत ‘मानापमान’ आलं. गोविंदराव टेंब्यांनी त्याला ज्या चाली दिल्या, त्या उत्तरेकडच्या ठुमरीच्या अंगाच्या होत्या. पदं पन्नाशीच्या आसपास आली, पण प्रत्येक पद ऐसपैस झालं. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या वाटेवर नेलं. आता कीर्तनाच्या पुण्याईवर भागेना. मंडळीला पदरी गवई ठेवणं भाग पडलं. बालगंधर्वांना बखलेबुवांची तालीम, केशवराव भोसल्यांना रामकृष्णबुवा वझ्यांची. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. नांदीला उभं राहणारं दहा वर्षांचं पोर विंगेतून रोज रात्री थिरकवा ऐकत होतं. आज कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत हे लिहून दाखवा!

आणि वयं बघा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. केशवराव भोसल्यांनी १ जानेवारी १९०८ ला हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली, तेव्हा त्यांनाही अठरावं पुरं झालेलं नव्हतं. पण त्याआधी ‘शारदा’ करणारा पोरगा म्हणून स्वदेशहितचिंतक मंडळीत त्यांचं बालपण सरलं होतं. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकरांबरोबर ‘बळवंत संगीत मंडळी’चे मालक झाले, तेही सतराव्या वर्षी. सतराव्या-अठराव्या वर्षी आमच्याकडे मूल प्रथम वर्षाचा फॉर्म भरतं आणि सोबत आलेले वडील मला बाजूला घेऊन विचारतात, ‘मॅडम, याला पुढे स्कोप आहे का?’

तात्या मंडळीत गेले ते नवव्या वर्षी. गावात मंडळीचा मुक्काम पडला होता, मुलाचा गळा गोड आहे हे कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं. तात्यांच्या वडिलांना एकरकमी काही पैसे मिळाले आणि मुलाचं जेवणखाण, कपडालत्ता मंडळीकडे लागला. पुढची पाच वर्षं तात्यांनी बिऱ्हाडात काढली. बिऱ्हाड म्हणजे गावोगाव भाड्यानं घेतलेला मोठा वाडा: पुढच्या सोप्यात मालक आणि बडे नट, माडीवर कपडेपटाच्या ट्रंका, मागे भटारखाना आणि मधल्या पडवीत मुलं. पहाटे चारला उठवायचे. थंडी असो, पाऊस असो, पडवीत ओळीनं बसून खर्ज लावायचा. मग जोर आणि सूर्यनमस्कार. त्यानंतर नकला. ज्याच्या त्याच्या वाट्याची भाषणं उतरवून काढलेले कागद म्हणजे नक्कल. ती हातात धरून मुलं वाड्याच्या कानाकोपऱ्यात घोकत बसायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या पोराला दुसरा पोर वाचून दाखवायचा. गद्याची तालीम वेगळी, पद्याची वेगळी. दुपारी पंगत. पंगतीत वाढप सगळ्यांना सारखं, पण दुधाची वाटी ज्याचं त्या आठवड्यात मोठं काम असेल त्यालाच. तात्या हे ऐंशीव्या वर्षी सांगायचे तेव्हाही त्या वाटीबद्दलचा राग गेलेला नव्हता.

खेळ बुधवारी, शनिवारी आणि रविवारी. त्या दिवशी दुपारी मुलांना सक्तीनं झोपवायचे, कारण पहाटेपर्यंत जागायचं असायचं. सुरुवातीला मुलांच्या वाट्याला नांदी, ऋषिकुमार आणि नायिकेच्या सख्या. सखीला चार वाक्यं असतात, पण ती दोन-दोन तास रंगमंचावर उभी असते. तात्या म्हणायचे, ‘माझं खरं शिक्षण ते उभं राहण्याचं.’ बडा नट पदाकडे कसा वळतो, हे दोन हातांवरून, तेही साडी नेसून, शेकडो वेळा बघितलं की आपोआप अंगात शिरतं.

आपोआप शिरलं नाही तर तालीममास्तरांची छडी होती. पद सुरू होताना नवखा नट नकळत दोन्ही पाय फाकवून घट्ट रोवतो. आता मी गाणार आहे, अशी ती नोटीसच असते. मास्तर मुलांच्या मागे बसायचे आणि पाय हलला की पोटरीवर सटकन मारायचे. श्वासाचंही तसंच. वाक्य संपलं, मग श्वास, मग पद, असं केलं की मधे खड्डा पडतो. श्वास शेवटच्या वाक्याच्या अलीकडे कुठेतरी चोरून घ्यायचा आणि वाक्याची शेपूट संपते तिथूनच पद उचलायचं. ऑर्गनवाला दोन-तीन वाक्यं आधीपासून खाली सूर धरून असतो. नटानं त्याच्याकडे बघायचं नाही, पण शेवटचं अक्षर त्या सुरावर टेकवायचं. तात्यांचं वाक्य होतं, ‘वाक्य सुरात पडायला हवं, पण सुरात बोलायचं नाही.’ सुरात बोललं की माणूस बोलतोय असं वाटत नाही, आणि बेसूर संपवलं की पद उपरं वाटतं.

हे सगळं सोन्याचं होतं असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि त्यांच्याशी माझं पटत नाही. पहिली गोष्ट शाळेची. तात्यांना बाराव्या वर्षी ‘सौभद्र’ आणि ‘शारदा’ अथपासून इतिपर्यंत पाठ होती. व्यवहारी अपूर्णांक मात्र त्यांना शेवटपर्यंत आले नाहीत. दुसरी गोष्ट गळ्याची. चौदाव्या वर्षी तात्यांचा आवाज फुटला. मंडळीत आवाज फुटलेल्या पोराचं काय करायचं, याचं उत्तर ठरलेलं होतं: नशीब असेल तर दोन-तीन वर्षं पडदे ओढायला ठेवायचं आणि गळा परत बसतो का ते बघायचं, नसेल तर वाटखर्चाला पैसे देऊन घरी. तात्यांना ऑर्गनवाल्यांनी हाताखाली घेतलं म्हणून ते तरले. त्यांच्या बरोबरीचा एक मुलगा, गळ्यानं त्यांच्याहून सरस, पुढे त्याच मंडळीच्या भटारखान्यात पोळ्या लाटायला राहिला. बालगंधर्वांचा गळा टिकला, भाऊराव कोल्हटकर वय वाढल्यावर पुरुष भूमिकांकडे वळले, ही झाली इतिहासात राहिलेली नावं. ज्यांचा गळा बसला, त्यांची यादी कुणी ठेवली नाही.

तिसरी गोष्ट माझ्यापुरती. मी त्या काळात असते, तर त्या बिऱ्हाडात मला जागाच नव्हती. बायकांनी नाटकात कामं करायची ती कलावंत घराण्यांतल्या बायकांच्या वेगळ्या स्त्री-मंडळ्यांत, आणि त्यांच्याकडे प्रतिष्ठित समाज नाक मुरडून बघायचा. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून भावंडांसह नाटकं केली आणि ज्योत्स्ना भोळे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे हे दार किलकिलं झालं. पन्नास वर्षं ही सगळी शाळा सुभद्रा, शारदा आणि भामिनी घडवण्यासाठी चालली होती. त्या शाळेत मुलगी एकही नव्हती.

दार उघडलं तोवर वाडा रिकामा व्हायला लागला होता. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र झाले खुद्द गोविंदराव टेंबे, म्हणजे ज्यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या तेच. चार आण्यांत गाणं ऐकायला मिळतं म्हटल्यावर पहाटेपर्यंतच्या खेळाला कोण थांबणार? एकेक मंडळी कर्जात गेली. ‘बालमोहन’सारखी मुलांची मंडळी अत्र्यांची नाटकं घेऊन तगली आणि तिनं सौदागर गोरे, म्हणजे छोटा गंधर्व, महाराष्ट्राला दिले, ते १९२८ मध्ये दहाव्या वर्षी तिथे आले होते. बिऱ्हाडाच्या शाळेतून निघालेल्या शेवटच्या मोठ्या गळ्यांपैकी तो एक.

नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत एक फाळणी झाली. गाणं गेलं गवयांच्या घरी आणि नाटक गेलं कॉलेजात.

कॉलेज आणि नाटक यांचं नातं तसं जुनं. फर्ग्युसनचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर शाहूनगरवासी मंडळीतल्या गणपतराव जोशांना शेक्सपिअरची तालीम देत. पुण्यातलं आजचं भरत नाट्य संशोधन मंदिर १८९४ मध्ये स्टुडंट्स सोशल क्लब या नावानं सुरू झालं. पण कॉलेजातली पोरं गद्यावर पोसलेली. १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू झाला आणि पुण्यातल्या मुलांची खरी नाट्यशाळा तीच झाली: कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाकं सरकवून तालीम, वॉचमन किल्ल्या वाजवत येईपर्यंत. तिथे एकांकिका घडली, लेखक-दिग्दर्शक घडले. पद कुणी म्हणत नव्हतं. ज्यांना गाता येई ते गवयांकडे, आणि त्यांना वाक्य बोलता येत नसे. साठच्या दशकात संगीत नाटकानं परत उचल खाल्ली, तेव्हा तात्या म्हणायचे, ‘आता नट शोधून त्याला गायला लावत नाहीत, गवई शोधून त्याला रंग फासतात.’ हे अर्थात वसंतराव देशपांड्यांना लागू नाही. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये त्यांचे खाँसाहेब बोलता बोलता कधी गायला लागायचे, याचा पत्ता लागायचा नाही. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून पदं आटोपशीर केली, तेही मला फार शहाणपणाचं वाटतं, पद लांबलं की मागचं वाक्य लोक विसरून जातात.

आणि मग ज्या बाजूनं कुणाची अपेक्षा नव्हती, त्या बाजूनं गाणं कॉलेजच्या पोरांकडे परत आलं. १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’ झालं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. ब्राह्मणांची ती माणसांची भिंत गाते, डुलते, फुटते, परत जुळते, आणि त्यात बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं हे दाखवता येत नाही. १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये सतीश आळेकरांनी मेलेल्या माणसाला कीर्तनकार केलं आणि चंद्रकांत काळे ते कीर्तन करायला उभे राहिले. १९७८ मध्ये पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’. यातलं कुठलंच जुन्या अर्थानं संगीत नाटक नव्हतं, जुन्या रसिकांनी ते मानलंही नाही. ते नाक मुरडणारे रसिक चुकले असं माझं मत आहे. किर्लोस्करांनी साकी-दिंडी घेतली होती ती कीर्तनातून आणि लोकांतून. या पोरांनीही तेच केलं. टेंबे आणि बखलेबुवांच्या मैफलीला वळसा घालून ती थेट १८८० ला जाऊन भिडली.

विद्यापीठांनी हे ताब्यात घेतलं ते त्यानंतर. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासूनचं. पण तिथे नाट्यसंगीताला वजन आलं ते ब. व. कारंत १९७७ मध्ये संचालक झाल्यावर. कारंत म्हणजे दोन्ही शाळांचा मूर्तिमंत सांधा. पोरसवदा वयात ते गुब्बी वीरण्णांच्या कन्नड नाटक कंपनीत गेले आणि पुढे वीरण्णांनीच त्यांना शिकायला काशीला पाठवलं. नाटकाच्या मालकानं स्वतःचा नट विद्यापीठात धाडला, अशी उदाहरणं आपल्याकडच्या मंडळ्यांत मला तरी ऐकून माहीत नाहीत. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झालं. संगीत, नृत्य आणि नाट्य एका छपराखाली आली आणि १९९६ पासून पुढे बारा-तेरा वर्षं सतीश आळेकर त्याचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठातही २००३ मध्ये नाट्यकला अकादमी निघाली.

मी ज्या विभागात शिकवायला जायचे, तिथली मुलं नांदेड, परभणी, सिंधुदुर्ग, लातूर, कुठूनकुठून आलेली. पुण्या-मुंबईची थोडी. सकाळी सातला अंगकसरत, मग आवाजाचा तास, मग भास, भरत, ब्रेख्त, दुपारी मेसचं जेवण, तीन ते सहा सादरीकरणाची तालीम, रात्री आपली आपली दुसरी तालीम. तात्यांच्या दिनक्रमाशी ताडून बघितलं तर फार फरक नाही. दुधाची वाटी इथेही नव्हती, ती कुणालाच नव्हती. फरक होता तो वेळेचा. नाट्यसंगीत त्यांना एका सत्रापुरतं. सोळा आठवडे, त्यात परीक्षा, सुट्ट्या आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव.

मुलं येतानाच पदं पाठ करून यायची. फोनवर जुन्या ध्वनिमुद्रिका सगळ्यांकडे. इथेच खरी अडचण आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यात फक्त पद. बालगंधर्वांचं गाणं आपल्याकडे आहे, पण पदाच्या आधीचं वाक्य ते कसं बोलत, हे नाही. जिथे सगळी मेख होती तो तुकडा तबकडीच्या बाहेर राहिला. म्हणून मुलं हुबेहूब तान घेतात आणि त्याआधीचं वाक्य मालिकेतल्यासारखं बोलतात.

मी पदं बंद केली. पहिले तीन-चार आठवडे एकही पद नाही. मी काळी एकचा षड्ज धरायचे (मुलींसाठी काळी चार, मंडळीत सगळे पुरुषच असल्यामुळे ही कटकट कमी होती) आणि मुलांनी एक साधं वाक्य बोलायचं: ‘आई, मी उद्याच्या गाडीनं निघते.’ शेवटचा ‘ते’ षड्जावर टेकला पाहिजे, पण ऐकणाऱ्याला ती मुलगी आईशीच बोलतेय असं वाटलं पाहिजे. हसायची आधी सगळी. मग घाम फुटायचा. शास्त्रीय संगीत शिकलेल्या मुलामुलींना हे सगळ्यांत जड जायचं; षड्ज दिसला की त्यांचा स्वर लांबायचा, चेहरा तंबोऱ्यासमोर बसल्यासारखा व्हायचा. एकांकिका गाजवून आलेली मुलं वाक्य झकास बोलायची आणि ‘ते’ कुठेतरी कोमल गंधाराच्या आसपास सोडून द्यायची. एका वर्षी परभणीकडचा एक मुलगा होता, माळकरी घरातला, गाण्याची परीक्षा एकही न दिलेला. त्यानं पहिल्याच खेपेला ‘ते’ अचूक टेकवला आणि त्याच श्वासात अभंगाचं धृपद उचललं. पायाचं बोटही हललं नाही. मी विचारलं, ‘कुठे शिकलास रे?’ तर म्हणाला, ‘मॅडम, आमचे आजोबा कीर्तन करतात. मी मागे टाळ धरतो.’ नाटकातल्या सखीसारखा तो मागे उभा राहून शिकला होता. त्या वर्षी बाकीच्यांना मी कमी शिकवलं, त्यानं जास्त.

असं मूल दर वर्षी येत नाही. बाकीच्यांचा सांधा सत्र संपता संपता जुळायला लागतो, आणि मग वेळापत्रकात पाश्चात्त्य अभिनय सुरू होतो. मंडळीतला पोर तेच पद आठवड्यातून तीनदा पैसे देऊन आलेल्या लोकांपुढे म्हणत होता. चुकला तर त्याच रात्री कळायचं. आमच्या मुलाला वर्षाकाठी दोन-तीन प्रयोग मिळतात, समोर बसलेले निम्मे लोक त्याचेच मित्र. हे कुठल्याही विद्यापीठाला भरून काढता येणार नाही, आणि ते भरून निघावं म्हणून नऊ वर्षांच्या पोराला परत वाड्यात नेऊन ठेवा असं मी म्हणणार नाही. आमच्या मुलाचा घसा बसला तर तो प्रकाशयोजना शिकतो, पदवी घेतो. तात्यांच्या मित्रासारख्या पोळ्या लाटत नाही.

शेवटच्या वर्षाच्या एका तुकडीनं ‘सौभद्र’ अडीच तासांत बसवलं. निम्म्याहून जास्त पदं कापली, त्याला माझी ना नव्हती. पण सगळ्यांच्या कपड्यांत माइक लावायचे ठरले, तेव्हा मी अडून बसले. गळा शेवटच्या खुर्चीपर्यंत जायला नको का? दिग्दर्शन करणारी मुलगी लातूरची, बोलायला फटकळ. म्हणाली, ‘मॅडम, शेवटच्या खुर्चीसाठी वाक्य ओरडून बोललं की त्यातून गाण्यात जाणं सोपंच असतं, अर्धं गाणं तिथेच झालेलं असतं. आम्हाला वाक्य हळू बोलून मग गायचंय. ते अवघड आहे, म्हणून तर माइक.’ तालमीला जाऊन बसले. सुभद्रा झालेली मुलगी रुक्मिणीशी कुजबुजल्यासारखी बोलत होती, आणि त्याच कुजबुजीतून तिनं पद उचललं. हा पर्याय तात्यांच्या पिढीला कधी मिळालाच नव्हता. माइक राहिले. प्रयोगात त्यातला एक मधेच खरखरायला लागला आणि कृष्णाला एक आख्खा प्रवेश जुन्या पद्धतीनं, छातीतून बोलून काढावा लागला. त्याचं मला थोडं समाधानही वाटलं.

या प्रयोगाला गुण देताना कागदावर रकाने ठरलेले असतात: वाचिक, आंगिक, गायन, एकूण परिणाम. सांध्याला रकाना नाही. मी ते गुण वाचिकात टाकते. बाहेरून येणारे परीक्षक बहुतेक गवई असतात, ते गायनात टाकतात. मग बेरीज जुळत नाही, आणि ऑफिसातले बाबू दार वाजवून ‘झालं का, मॅडम’ विचारेपर्यंत आमचा वाद चालतो.